विश्लेषण : जंगलाच्या ‘राजा’चे राज्य टिकते तरी किती?

मे २०२२ मध्ये चंद्रपूरजवळच्या सिनाळा परिसरात एक वाघ मृतावस्थेत आढळला. वय सुमारे १७ वर्षे. हा ‘वाघडोह’, एकेकाळी ताडोबाच्या मोहर्ली भागात दबदबा असलेला नर. विषप्रयोग नाही की कुंपणातला वीजप्रवाह नाही, तो वार्धक्याने गेला. वर्चस्व गाजवलेल्या नराला असे मरण क्वचितच येते.

हद्द मिळते कशी?

दीड-दोन वर्षांचा नर आईपासून वेगळा होतो. माद्या बऱ्याचदा आईच्या आसपासच जम बसवतात, नराला मात्र दूर जावे लागते. टिपेश्वरचा ‘वॉकर’ २०१९ मध्ये सुमारे तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. चार-पाच वर्षांचा, अंगाने भरलेला झाला की नर प्रस्थापित वाघाला आव्हान देतो. जिंकलेली हद्द साधारणपणे दोन-तीन वाघिणींच्या क्षेत्रांवर पसरलेली असते. ती राखण्यासाठी झाडांवर लघवीचे फवारे मारणे आणि खोडावर ओरखडे काढणे अखंड सुरू असते. वास विरला की शेजारचा नर आत शिरलाच. थोडक्यात, पर्यटकांना दिसणारा रुबाबदार राजा बराचसा पहारेकरीच असतो.

बछड्यांचा जीव का जातो?

पिल्ले सोबत असेपर्यंत वाघीण सहसा माजावर येत नाही. ती मोठी होईपर्यंत दीड-दोन वर्षे थांबणे नव्या नराला परवडणारे नसते, कारण तेवढ्यात त्याचीच सत्ता जाऊ शकते. म्हणून तो आधीच्या नराची पिल्ले मारतो. हे क्रौर्य वाटेल, पण नेपाळच्या चितवनमधील दीर्घकालीन अभ्यासात नरांचा प्रजननाचा काळ सरासरी तीन वर्षांपेक्षाही कमी निघाला, हे लक्षात घ्यायला हवे. उलट नर टिकून राहिला तर बछडे जगण्याची शक्यता वाढते. एक नर गेला की त्याची झळ अनेक वाघिणींच्या पिल्लांना बसते, ती अशी.

सत्ता गेल्यावर?

हरलेला नर जंगलाच्या काठाला ढकलला जातो. तिथे गावे, गुरे आणि गुराखी असतात. सुळे झिजलेल्या वाघाला सांबरापेक्षा गाय सोपी. वाघडोहही अखेरच्या काळात बफरच्या बाहेर आला होता. त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी त्याच भागात एका गुराख्याचा बळी गेला आणि संशय त्याच्यावरच होता.

जिंकणाऱ्याचेही सारे आलबेल नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ताडोबाच्या बफरमध्ये ‘छोटा मटका’ने ‘बजरंग’ या बलाढ्य नराला झुंजीत ठार केले. मे २०२५ मध्ये ‘ब्रह्मा’शी झुंज झाली. जिंकला ‘छोटा मटका’च, पण पाय गंभीर जखमी झाला. काही महिने तो लंगडतच फिरत होता. ऑगस्टमध्ये वनखात्याने त्याला बेशुद्ध करून चंद्रपूरच्या उपचार केंद्रात हलवले. हद्द मात्र मोकळी पडली.