मुक्कामाची उंची आधी पाहा

उन्हाळ कांदा चाळीत पडला, की लासलगाव परिसरात सहलींचे बेत सुरू होतात. पूर्वी त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगीपर्यंत जाणारी मंडळी आता लेह, स्पितीची नावे घेतात. आठ-दहा जण जमतात. कुणी मोबाइलवर पँगाँगचे निळे पाणी दाखवतो, कुणी खर्च मांडतो, कुणी सुट्टीचे दिवस मोजतो. गटात रक्तदाबाची गोळी घेणारे एखादे काका असतात आणि रोज पळायला जाणारा पंचविशीतला पुतण्याही. काळजी काकांची होते, पुतण्याची कुणीच करत नाही. आणि मुख्य प्रश्न राहून जातो : पहिल्या तीन रात्री आपण किती उंचीवर झोपणार?

लासलगाव समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, तर बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे सह्याद्रीतले सगळे गड पालथे घातलेल्यालाही त्याचा अनुभव नसतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. शरीर याच्याशी जुळवून घेते, मात्र त्याला काही दिवस लागतात. रोजच्या व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत. उलट दमसास चांगला असलेला तरुण पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि डोके दुखले तरी बोलत नाही.

एकच उंची, दोन वाटा

लेह आणि स्पितीतले काझा यांच्या उंचीत फारसा फरक नाही. काझा ३,६५० मीटरवर आहे. फरक आहे तो वाटेत. दिल्लीहून विमानाने माणूस दीड तासाच्या आत लेहला उतरतो. स्पितीला सिमला-किन्नौरमार्गे गेले, तर सिमला २,२००, कल्पा २,९६०, ताबो ३,२८० आणि मग काझा, असे मुक्काम पायरीपायरीने चढत जातात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा नियम या वाटेवर आपोआप पाळला जातो. मनालीहून कुंझुम खिंडीतून एका दिवसात काझा गाठले, तर मात्र हा फायदा हातचा जातो.

परतीचाही विचार हवा. या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. लेहमध्ये मोठे सरकारी रुग्णालय आहे, ही जमेची बाजू. पण तिथून मनाली किंवा श्रीनगरकडे रस्त्याने उतरायचे, तर आधी लेहहून उंच खिंडी चढाव्या लागतात. काझाहून नदीकाठाने ताबोकडे उतरता येते. तिथे उपचारांची सोय मात्र तुटपुंजी आहे आणि पावसाळ्यात किन्नौरचा रस्ता दरडींनी बंद पडतो.

विमानानेच लेहला जायचे असेल, तर पहिले दोन-तीन दिवस लेहमध्येच काढावेत. पहिल्या दिवशी फक्त आराम. नंतर आधी नुब्रा करावे, कारण तिथला मुक्काम लेहहून खाली असतो. सव्वाचार हजार मीटरवरचे पँगाँग शेवटी ठेवावे.

काय ओळखावे

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, थकवा, चक्कर ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकला वाढणे, ओठ निळसर होणे म्हणजे फुप्फुसात पाणी साठत असल्याची शंका. झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे म्हणजे मेंदूला सूज. पावलापुढे पाऊल टेकवत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल जात असेल, तर सकाळची वाट न पाहता प्राणवायू द्यावा आणि रात्रीच खाली न्यावे. या दोन्ही अवस्थांत काही तासांत जीव जाऊ शकतो.

कापूर हुंगल्याने तरतरी वाटेल, पण रक्तातला प्राणवायू वाढत नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. ॲसिटाझोलामाइडची गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगावे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी तपासणी करावी. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून ते अंगाजवळ ठेवावे.

आता निवड सोपी होते. दहा-बारा दिवस हाताशी असतील, तर जून किंवा सप्टेंबरमध्ये किन्नौरमार्गे स्पिती. आठ-नऊ दिवस असतील, तर आधी आराम करून लेह. चारच दिवस असतील, तर हिमालय पुढच्या वर्षावर टाकून साल्हेर-मुल्हेर करावे. तिथे पाणी, टोपी, पायात चांगले बूट आणि साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी रुग्णालय, एवढे पथ्य पुरे. काका आणि पुतण्या दोघांनाही ही सहल झेपेल.