दूरचित्रवाणीने घडवलेला माणूस : ‘रिमोट कंट्रोल’

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द ट्यूब्ज’ या रॉक बँडचा ‘रिमोट कंट्रोल’ हा 1979 मधील स्टुडिओ अल्बम ‘कॉन्सेप्ट अल्बम’ या प्रकारात मोडतो, म्हणजेच त्यातील गाणी सुटी नसून एकाच कल्पनेभोवती गुंफलेली आहेत, आणि ती कल्पना आहे दूरचित्रवाणीच्या पूर्ण आहारी गेलेल्या माणसाची. निर्माता टॉड रंडग्रेन याच्या सहभागाने आकारलेल्या या कल्पनेमागे येर्झी कोसिन्स्की यांच्या ‘बीइंग देअर’ या लघुकादंबरीची प्रेरणा होती; तिचा नायक चान्स हा माळी असून बाहेरच्या जगाची त्याला असलेली सारी ओळख टीव्हीच्या पडद्यावरून आलेली असते. विशेष म्हणजे त्याच वर्षी पीटर सेलर्सची प्रमुख भूमिका असलेला, याच कादंबरीवरील चित्रपटही प्रदर्शित झाला. भव्य, नाटकी वेशभूषा आणि उपभोगवादाचे विडंबन यांसाठी या बँडचे रंगमंचीय प्रयोग आधीपासूनच गाजत होते, त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी उपरा नव्हता; तथापि येथे त्यांनी भडक प्रहसनाऐवजी एका एकाकी मनाचा सलग शोध घेतला, हे या अल्बमचे खरे सामर्थ्य होय. ‘टीव्ही इज किंग’ आणि ‘प्राइम टाइम’ (संध्याकाळनंतरची सर्वाधिक प्रेक्षकांची वेळ) ही शीर्षकेच विषय स्पष्ट करतात, तर मुखपृष्ठावर खास बनवलेल्या आसनात बसून टीव्ही पाहणारे तान्हे बाळ दिसते.