जिथं फाटा फुटतो

ठिबकची मोटर सुरू झाली की अण्णा सगळ्यात आधी सबमेनवरचे ग्रोमेट बघत जायचे. पाइप मधेच सहसा फाटत नाही. लॅटरलचा फाटा जिथं निघतो तिथंच ओल दिसते. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात कळलेली ही गोष्ट पुढे नांदेडला, विष्णुपुरीच्या एसजीजीएसमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना आकड्यांत समजली. आता ती माझं रोजचं काम आहे.

मी स्टेंट ग्राफ्ट तपासतो, म्हणजे फुगलेल्या धमनीच्या आत बसवायची कापडी नळी. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती फुगत फुगत ५.५ सेंटिमीटरला पोचली, की पुरुषांच्या बाबतीत डॉक्टर दुरुस्तीचं बोलू लागतात. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदींनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून कापडी नळी आत नेऊन बसवली. पण फुगवटा किडनीच्या धमन्यांपर्यंत चढलेला असला तर साधी नळी त्यांची तोंडंच बुजवील. म्हणून फांद्यांची नळी: एक जठर-यकृताकडे, एक आतड्यांकडे, दोन किडन्यांकडे.

तलम पॉलिएस्टरवर नायटिनॉलची नागमोडी तार हातानं शिवलेली असते. आजी वाकळेला घालायची तसेच टाके, फक्त भिंगाखाली घातलेले. बर्फाच्या पाण्यात ही तार मऊ पडते, चिमटीत दाबली की दबलेलीच राहते. ३७ अंशांच्या पाण्यात सोडली की डोळ्यांदेखत उमलते. कितीदा पाहिलं तरी माझा हात तिथं थबकतो.

मग ती नळी सिलिकॉनच्या पारदर्शक धमनीत, कोमट खाऱ्या पाण्यात बसवायची. हृदयाचे दिवसाला लाखभर ठोके, १० वर्षांचे ३८ कोटींच्या आसपास. यंत्र सेकंदाला ४० ठोके देतं, तरी साडेतीन महिने लागतात. डोळ्याला नुसती थरथर दिसते. स्ट्रोबचा दिवा ठोक्यांच्या वेगाजवळ आणला की ती संथ होते आणि एकेक फांदी हलताना दिसते.

शिवाय श्वास. श्वास घेतला की किडनी खाली सरकते, सोडला की वर येते, आणि तिची फांदी दर वेळी वाकते. ते वाकवणं वेगळ्या यंत्रावर होतं. माझ्या मते फांदीची खरी परीक्षा तिथंच.

मागच्या नमुन्यानं सगळे ठोके पुरे केले होते. भिंगाखाली धरून मागून उजेड सोडला, तर फांदीच्या मुळाशी टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपका चमकला. तार घासून घासून कापडाला भोक पडलं होतं. माणसाच्या पोटात तिथून रक्त झिरपलं तर फुगवट्यावर पुन्हा दाब येतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लातूरला माझ्या चुलत्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. त्यांचा फुगवटा ४.६ आहे, किडनीच्या धमन्यांना भिडलेला.

रात्री त्यांचाच फोन आला. "काय करायलास रं तिकडं?"

भोकाचं सांगितलं. थोडा वेळ ते गप्प राहिले.

"सापडलं न्हवं? मग बरं झालं."

नव्या नमुन्यात तारेचं टोक फांदीच्या मुळापासून दूर घेतलंय. काल रात्री दहाला यंत्र सुरू केलं. आज सकाळी आठला काउंटरवर १४ लाख ४० हजार होते.