बाळाचें छायाचित्र आणि प्रकाशाची पारख

उत्तम कॅमेरा हातीं आला म्हणजे उत्तम छायाचित्र आपोआप निघतें, अशी पुष्कळांची समजूत असते. आतां घरोघरीं मोबाईलमध्येंच कॅमेरा असल्यामुळें ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. परंतु कुटुंबांचीं व तान्ह्या मुलांचीं छायाचित्रें काढणें हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचें खरें भांडवल कॅमेरा नसून प्रकाशाची पारख हें होय. ‘फोटोग्राफी’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच मुळीं ‘प्रकाशानें रेखाटणें’ असा आहे. ही पारख म्हणजे काय, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतींत तिला इतकें महत्त्व कां, याचा थोडक्यांत विचार आपण येथें करूं.

प्रकाश कठोर असतो किंवा मृदु असतो. भर दुपारच्या उन्हांत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांखालीं व नाकाखालीं काळ्या, रेखीव छाया पडतात. तोच मनुष्य ढगाळ दिवशीं पाहिला तर त्या छाया जवळजवळ विरून गेलेल्या दिसतात. याचें मुख्य कारण उगमाच्या दृश्य आकारांत आहे. सूर्य प्रचंड खरा. पण तो फार दूर असल्यामुळें आकाशांत सुमारें अर्धा अंश एवढाच दिसतो, आणि लहान उगमाची छाया नेहमीं धारदार पडते. ढग आले म्हणजे सगळें आकाशच दिव्याचें काम करूं लागतें. घरांतली मोठी खिडकी हें असेंच एक लहानसें आकाश होय. तिच्यांतून थेट ऊन येत असेल तर विरळ पांढरा पडदा किंवा जुनें धुवट धोतर आडवें लावावें, म्हणजे ऊन पसरून मृदु होतें.

विजेच्या दिव्यांचा प्रसार होण्यापूर्वीं छायाचित्रकारांचा सारा भार या दिवसाच्या प्रकाशावरच होता. कलकत्त्यास १८१५ सालीं जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरन यांस १८६३ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, मुलीकडून एक कॅमेरा भेट मिळाला. इंग्लंडांतील आपल्या घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याची त्यांनीं कांचेची खोली बनविली आणि तेथें घरचीं माणसें व लहान मुलें यांचीं छायाचित्रें काढलीं. तीं आजही नामांकित संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. साधनें थोडीं असलीं तरी प्रकाश ओळखणारी दृष्टि काय करूं शकते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आतां बाळाकडे वळूं. नवजात अर्भकाची त्वचा नाजूक असते. तींत लाली असते, कोठें सालपटें निघत असतात. कठोर प्रकाश या सर्व खुणा वाढवून दाखवितो, मृदु प्रकाश त्या सौम्य करतो. शिवाय मोठ्या माणसास ‘जरा तोंड फिरवा’ असें सांगतां येतें. बाळास सांगतां येत नाहीं. म्हणून अंथरूणच फिरवावें लागतें. प्रकाश बाळाच्या डोक्याकडून तिरपा पायांकडे जाईल असें निजविलें, म्हणजे नाकाची लहानशी छाया ओठांकडे पडते व चेहऱ्यास गोलाई येते. उलट प्रकाश पायांकडून आला, तर छाया कपाळाकडे चढतात आणि हनुवटीखालीं कंदील धरल्याप्रमाणें चेहरा विद्रूप दिसतो. छायेची बाजू फार काळी वाटल्यास तिकडे पांढरी चादर धरावी. तिच्यावरून परतलेला प्रकाश तेवढ्यास पुरतो.

रंगाविषयींही सावध असावें. दुपारचा प्रकाश सुमारें ५५०० केल्विन, तर पिवळ्या विजेच्या दिव्याचा सुमारें २७०० ते ३००० केल्विन मानतात. आंकडा जितका लहान, तितका प्रकाश पिवळट. दोन्ही एकत्र झाले तर बाळाचा एक गाल निळसर व दुसरा पिवळा दिसतो. यास्तव खिडकीजवळ चित्र घेतांना खोलींतले दिवे मालवावे. याच कारणास्तव बाळाला कावीळ आहे कीं नाहीं, हें छायाचित्रावरून कधींही ठरवूं नये. शंका येतांच डॉक्टरांस प्रत्यक्ष दाखवावें. पांढऱ्या दुपट्यांतील बाळ कॅमेरा पुष्कळदां काळपट दाखवितो, कारण समोरचें दृश्य मध्यम करड्या उजेडाचें आहे असें धरून तो चालतो. तेथें प्रकाशाचें मान हातानें वाढवावें लागतें. मात्र सांवळें बाळ गोरें करून दाखविणें ही कला नव्हे. मुलाचा खरा वर्ण खरा दिसणें हेंच कौशल्य.

सर्व कुटुंबाचें चित्र घेतांना भौतिकशास्त्रांतील एक नियम आठवावा: लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो. पुढें बाळाला घेऊन बसलेली आई दिव्यापासून १ मीटरवर आणि मागें उभी असलेली आजी २ मीटरांवर असेल, तर आजीस आईच्या चौथा हिस्साच प्रकाश मिळतो व ती अंधारांत बुडते. तोच दिवा दूर नेऊन हीं अंतरें ३ व ४ मीटर केलीं, तर आजीस निम्म्याहून अधिक, म्हणजे १६ पैकीं ९ भाग, प्रकाश मिळतो. पण दूर गेलेला दिवा लहान दिसूं लागून छाया कठोर होतात. म्हणून व्यावसायिक लोक तो पांढऱ्या भिंतीवर किंवा मोठ्या पांढऱ्या छत्रीवर टाकून परतवितात.

या सर्वांहून मोठा नियम बाळाच्या सुरक्षिततेचा आहे. दिव्याची घोडी बाळाच्या अंगावर येईल अशी कधींच ठेवूं नये. तिच्या पायांवर वाळूच्या पिशव्यांचें वजन द्यावें. तापणारा दिवा जवळ आणूं नये, कोवळ्या अंगावर ऊन पडूं देऊं नये, आणि एक मोठें माणूस सदैव हाताच्या अंतरावर असावें. बाळ रडूं लागलें तर काम थांबवावें; चित्रापेक्षां बाळ मोठें.

विद्यार्थ्यांनीं हा विषय एका अंड्यावर पडताळून पाहावा. खिडकीजवळ पांढऱ्या फडक्यावर अंडें ठेवून तें हळूहळू खिडकीपासून दूर न्यावें, एका बाजूस कोरा कागद उभा करावा, रात्रीं तेंच विजेरीच्या उजेडांत पाहावें, आणि प्रत्येक वेळीं छायेची कड कशी बदलते तें टिपून ठेवावें. पालकांनीं घरांतील कोणती खिडकी कोणत्या वेळीं मृदु उजेड देते, हें बाळ येण्यापूर्वींच पाहून ठेवावें. दहा दिवसांचें बाळ पुन्हां दहा दिवसांचें होत नाहीं, आणि त्याला मांडीवर घेतलेली आजीही सदा आपणांत राहत नाहीं. ज्यानें प्रकाश ओळखला, त्याच्या चित्रांत दोघांचेही चेहरे पुढील पिढीस स्पष्ट दिसतील.