मुखपृष्ठावरचे एक बटण

दोनेक वर्षांपूर्वी एका लहानशा मुक्तस्रोत गटाच्या बैठकीत मी बसलो होतो. विषय साधा होता: संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर काय ठेवायचे? आज्ञावली लिहिणाऱ्यांना तांत्रिक सूचना वर हव्या होत्या, भाषांतर करणाऱ्यांना भाषांची यादी, खजिनदारांना देणगीचे आवाहन. नव्याने येणाऱ्या माणसाच्या वतीने बोलणारे कोणीच नव्हते, कारण तो अजून आलाच नव्हता. तेव्हापासून मी अशा मुखपृष्ठांचा इतिहास चाळत आलो आहे. त्यात सर्वांत बोलका मला डेबियनचा वाटतो.

डेबियन ही 1993 साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स संगणकप्रणाली. तिचे मुखपृष्ठ बरीच वर्षे दुव्यांनी आणि मजकुराने गच्च भरलेले असे. डिसेंबर 2020 मध्ये ते बदलले. ठळक जागी डाउनलोडचे मोठे बटण आले, खाली समुदायाची आणि प्रणालीची ओळख, मग बातम्या. बाकीचे आतल्या पानांवर गेले. वाड्यात सगळे सामान ओसरीवर मांडून ठेवत नाहीत, तसेच हे. पण खरी अडचण मांडणीची नव्हतीच. ते बटण दाबल्यावर हाती काय पडावे, ही होती.

वाय-फाय कार्डासारख्या अनेक यंत्रभागांना चालू होताना एक छोटी आज्ञावली पुरवावी लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. उत्पादक ती बहुधा नुसत्या यंत्रभाषेत देतात, मूळ स्रोत देत नाहीत. डेबियनच्या 1997 च्या सामाजिक करारनाम्याचे पहिलेच कलम सांगते की डेबियन संपूर्ण मुक्त राहील. त्याला जागून 2011 च्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधले असे सगळे फर्मवेअर काढून टाकले गेले. बटणामागची फाइल त्यामुळे तत्त्वाला धरून होती. मात्र ती आकाराने लहान असल्याने प्रणालीचा बहुतेक भाग इंटरनेटवरून आणत असे. केबलची खाच नसलेल्या लॅपटॉपवर वाय-फाय चालायला फर्मवेअर हवे आणि ते आणायला वाय-फाय हवे! माणूस पहिल्या पायरीवरच अडे.

उपाय नव्हता असे नाही. फर्मवेअरसह तयार केलेली फाइल होती आणि ती डेबियनचीच माणसे बनवत. पण तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का होता आणि ती आतल्या फोल्डरांत दडलेली होती. जाणकार नवख्याला मागच्या दाराची वाट कानात सांगत. मला यात ढोंगापेक्षा कोंडी जास्त दिसते. त्याच करारनाम्याचे चौथे कलम म्हणते की आमचे प्राधान्य वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना आहे. एका वाक्यात दोन प्राधान्ये, आणि बटणाला जागा एकच.

ही गाठ पानाची रचना सांभाळणाऱ्यांना सोडवता येण्यासारखी नव्हती. म्हणून 2022 मध्ये सदस्यांचे मतदान झाले. मतपत्रिकेवरचे पर्याय वाचले की गंमत वाटते, कारण त्यांतले बरेचसे मुखपृष्ठाबद्दलच आहेत म्हणाना: फर्मवेअरवाला इन्स्टॉलर एकमेव असावा, की शिफारशीचा असावा, की मुक्त इन्स्टॉलरच्या शेजारी ठेवावा, की तो डेबियनचा भागच मानू नये? करारनाम्यालाच हात लावणाऱ्या पर्यायांना तिपटीच्या बहुमताची अट होती. तरीही त्यांतलाच एक जिंकला. पाचव्या कलमात वाक्य जोडले गेले की अधिकृत माध्यमांत असे फर्मवेअर असू शकेल, आणि इन्स्टॉलर एकच ठरला. शेजारी-शेजारी दोन ठेवण्याची तडजोड नाकारली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. नवख्यासमोर दोन बटणे ठेवणे म्हणजे समुदायाला न सुटलेला वाद त्याच्या गळ्यात घालणे.

जून 2023 मध्ये बाहेर पडलेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे अमलात आहे. अमुक्त फर्मवेअर वेगळ्या विभागात ठेवलेले असते. ज्यांना ते नको असेल त्यांना इन्स्टॉलर सुरू करतानाच तसे सांगता येते. म्हणजे जास्तीचा शोध घेण्याचे काम आता त्यांच्या वाट्याला आले आहे. पूर्वी ते नवख्याच्या वाट्याला होते.