‘परमिट रूम’ : एका पाटीचा इतिहास

मुंबईत लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आता कॉकटेल बार उभे राहिले आहेत. शनिवारी रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते. मंद दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत आणि हातातल्या पेल्यात कोकम किंवा कढीपत्ता. या गर्दीच्या सहसा ध्यानात येत नाही की ती एका दारूबंदी कायद्याच्या छपराखाली बसली आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्यानुसार मद्यपान हा हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे. हा परवाना एका दिवसाचाही मिळतो आणि आजीवनही. ‘परमिट रूम’ म्हणजे असा परवाना असणाऱ्यांनी बसायची खोली.

मिश्र मद्याची चाल मात्र या किनाऱ्याला नवी नाही. ‘कॉकटेल’ची परिचित व्याख्या १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात छापली गेली. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर पश्चिम किनाऱ्यावर हिंडत होता. गोव्यातल्या नेरूळच्या उत्तम अर्काची आणि त्यापासून इंग्रज बनवत असलेल्या ‘पंच’ या पेयाची नोंद त्याने केली. त्याच्या मते हे नाव पाच घटकांवरून, म्हणजे आपल्या ‘पाच’वरून आले. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. पण अर्क इथला होता, याबद्दल वाद नाही.

मग ‘देशी’ आणि ‘विदेशी’ यांत प्रतिष्ठेची भिंत कशी आली? तिचा पाया महसुलाचा आहे. १८७८च्या आबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी नियंत्रणाखाली आणले. माडा-ताडांच्या झाडांवरचा कर भंडारी समाजाला जाचक झाला. १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहफुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्या फुलांवर आदिवासी घरे उन्हाळा काढत, ती फुलेच संशयास्पद ठरली.

स्वातंत्र्य चळवळीने दारूबंदीचा आग्रह धरला, त्यामागची तळमळ खरी होती. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर रिकामा होणारा खिसा गिरणगावातल्या बायकांना पुरता ठाऊक होता. १९३९ साली डॉ. गिल्डर मंत्री असताना मुंबई शहरात बंदीचा पहिला प्रयोग झाला. १९५०पासून ती राज्यभर आली. पण प्रकृतीच्या कारणासाठी परवान्याची वाट मोकळी होती. डॉक्टरचा दाखला ज्याला परवडे, त्याची बाटली कायदेशीर झाली. बाकीच्यांसाठी ‘आंटी’चे अड्डे आणि खाडीकाठच्या हातभट्ट्या उरल्या.

१९६० साली राज्याचे दोन भाग झाले. गुजरातने त्याच कायद्याखाली बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने पुढच्या दशकभरात ती सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. परवान्याचे दार तेवढे रुंद केले. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा विलक्षण शब्दप्रयोग आपल्या व्यवहारात रुळला. इथेच गाळलेली दारू केवळ घडणीने विदेशी ठरते आणि वरच्या वर्गात बसते.

आज काही बारमध्ये मोहाची दारू कौतुकाने पेल्यात येते. गडचिरोलीत मात्र १९९३पासून दारूबंदी आहे, आणि तीही वरून लादलेली नव्हे, तर लोकांच्या चळवळीतून आलेली. तिथे तेच फूल गाळणे गुन्हा आहे. म्हणून हा प्रश्न ‘दारू चांगली की वाईट’ एवढ्यावर मिटत नाही. जो कायदा सगळ्यांना लागू आहे पण सगळीकडे विचारला जात नाही, तो कुठे विचारायचा हे पोलीस आणि आबकारी निरीक्षक ठरवतात. बारमधल्या गिऱ्हाइकाकडे परवाना क्वचितच मागितला जातो. हातभट्टीवर धाड मात्र पडते. जुन्या परमिट रूमच्या पाटीवरचा ‘परमिट’ हा शब्द नव्या बारच्या दारावर ठळक दिसत नाही. पण परवानगी कुणाला न मागता मिळते आणि कुणाला मागूनही मिळत नाही, हा त्या पाटीमागचा हिशेब अजून चुकता झालेला नाही.