‘स्वदेस’चे चरणपूर : मेणवलीच्या घाटावर

हिवाळा सुरू झाला की बहरीनच्या साखीर वाळवंटात तंबूंची वस्ती उभी राहते आणि तंबूंच्या शेजारी कॅरॅव्हॅनही दिसू लागतात. चाकांवरच्या घराची ही हौस सुट्टीत मायदेशीही भागवता येईल, कारण महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. अशा प्रवासासाठी एक मुक्काम आवर्जून सुचवावासा वाटतो, तो वाईजवळच्या मेणवलीचा.

आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील मोहन भार्गव हा ‘नासा’तील अभियंता दिल्लीहून कॅरॅव्हॅन भाड्याने घेतो आणि लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या कावेरी अम्मांच्या शोधात चरणपूरला पोहोचतो. कथेतील चरणपूर उत्तर प्रदेशातले. पडद्यावर दिसणारे गाव मात्र बरेचसे वाई-मेणवलीचे. महेश अणे यांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या या चित्रपटाच्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

चित्रीकरणासाठी उभारलेली गावे काम संपताच मोडली जातात. मेणवलीत तसे झाले नाही, कारण येथील मुख्य वास्तू चित्रपटाच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधीच्या आहेत. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा चौकांचा वाडा, त्यामागे कृष्णेत उतरणारा दगडी घाट आणि काठावरची मंदिरे आजही उभी आहेत. घाटावरील एका लहानशा घुमटीत टांगलेल्या मोठ्या घंटेवर १७०७ हे साल कोरलेले आहे. ही घंटा मूळची पोर्तुगीजांच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर ती मराठ्यांकडे आली. ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासकारांना परिचित असलेले नानांचे कागदपत्रही याच गावाच्या नावाने ओळखले जातात.

एक व्यावहारिक सूचना : गावातील रस्ते अरुंद आहेत. मोठे वाहन वाईत ठेवून उरलेले तीनेक किलोमीटर रिक्षाने किंवा पायी जावे. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

वाहन मागे ठेवून जाण्यात चित्रपटाचेही मर्म आहे. मोहनची कॅरॅव्हॅन ही केवळ सोय नव्हती. स्वतःचा बिछाना आणि बाटलीबंद पाणी बरोबर नेणारा हा पाहुणा गावात येऊनही गावाबाहेरच राहत होता. रेल्वे स्थानकावर एका लहान मुलाकडून पंचवीस पैशांचे पाणी घेऊन तो पितो, तिथे ते अंतर मिटते. मग तो गावकऱ्यांच्या श्रमातून ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करतो.

या कल्पनेमागे एक खरे गाव होते, तेही महाराष्ट्रातलेच. नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदा खोऱ्यातल्या बिलगावच्या आदिवासींनी २००३ मध्ये श्रमदानातून लहानसा जलविद्युत प्रकल्प उभारला. परदेशातून परतलेल्या काही भारतीयांचा त्याला हातभार होता. पुढे २००६ मध्ये नर्मदेच्या वाढलेल्या पाण्याने तो हिरावून नेला. चरणपूरचा दिवा पडद्यावर अजून तेवतो, बिलगावचा मात्र तीन वर्षांतच विझला.

म्हणून मेणवलीच्या घाटावर छायाचित्र अवश्य काढावे. पण त्यानंतर पायऱ्यांवर घटकाभर बसावे. दरवर्षी सुट्टीत गावी जाताना आपणही आपली एक अदृश्य कॅरॅव्हॅन बरोबर नेतो का, हा प्रश्न तिथे स्वतःला विचारण्यासारखा आहे.